लाकडातील लिग्निन : पऱ्हाटी लवकर का कुजत नाही ?

वैशाख-ज्येष्ठात वावटळ सुटली म्हणजे अर्धापूरच्या शिवारात काय होते, हे आमच्या बागायतदार बंधूंस सांगावयास नको. घड धरलेली केळीची बाग घटकाभरात आडवी होते. आणि त्याच बांधावरची बाभूळ, फार तर एखादी फांदी टाकून, जागच्या जागी उभी राहते. पुढे आणखी एक गोष्ट दिसते. आडवी झालेली केळीची खोडे तुकडे करून सरीत टाकली, तर एका पावसाळ्यात ती मऊ पडून मातीस मिळतात. उलट शेजारच्या काळ्या रानात नांगरटीखाली गेलेली पऱ्हाटी दुसऱ्या वर्षी वखराच्या फासेत अडकून, थोडी काळी पडलेली पण मोडता मोडत नाही अशी, वर येते. जे ताठ उभे राहते तेच कुजावयास नकार देते, आणि जे लवकर कोसळते ते लवकर कुजते, असा हा प्रकार आहे.

हे दोन्ही गुण बव्हंशी एकाच द्रव्यापासून उत्पन्न होतात. त्या द्रव्याचे नाव लिग्निन. हा विषय प्रयोगशाळेतील खरा. परंतु माघ-फाल्गुनात बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले आम्ही दर वर्षी पाहतो, आणि ते जाळावेत की गाडावेत या वादात दोन्ही पक्षांस या द्रव्याची ओळख नसते असे आमच्या ध्यानात आले आहे. म्हणून हा लेख.

लॅटिन भाषेत लाकडास लिग्नम म्हणतात. त्यावरून स्वित्झर्लंडातील वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल याने १८१३ साली हे नाव योजिले. पुढे १८३८ मध्ये फ्रान्समधील आन्सेल्म पायें या रसायनज्ञाने लाकूड प्रथम नत्राम्लात व नंतर क्षारात शिजविले, तेव्हा त्याचा काही भाग विरघळून गेला व मागे पांढरे तंतू राहिले. या तंतुमय द्रव्यास त्याने सेल्युलोज असे नाव दिले. आपला कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच होय. जे विरघळून गेले ते तंतूंवर बसलेले लिंपण असावे असे त्याचे अनुमान होते, आणि ते बरोबर ठरले.

लिंपण हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. आपल्याकडे कुडाची भिंत कशी घालतात ते आठवावे. तुराट्यांची ताटी उभी करावयाची, ती सुतळीने आवळावयाची, आणि वर शेणमातीचा थर द्यावयाचा. नुसती ताटी वाऱ्याने झुलते, नुसती माती ढासळते. दोन्ही मिळून भिंत होते. लाकूड हे अतिसूक्ष्म, लांबट पेशींचे बनलेले असते, व प्रत्येक पेशीची भिंत अशीच कुडाची असते. सेल्युलोजचे तंतू ही ताटी, हेमिसेल्युलोज नावाचे दुसरे द्रव्य ही सुतळी, आणि लिग्निन हे लिंपण. वाळलेल्या लाकडाचे शंभर भाग केले तर ४० ते ५० भाग सेल्युलोज, साधारणतः २० ते ३० भाग लिग्निन, व बाकीचे बहुतेक हेमिसेल्युलोज निघते. देवदार, चीड यांसारख्या सुईसारख्या पानांच्या वृक्षांत लिग्निन ३५ भागांपर्यंतही चढते. फरक एवढाच की आपले लिंपण पावसाने धुऊन जाते. लिग्निन पाण्यास दाद देत नाही.

आता हे द्रव्य बनते कसे ते पाहू. पऱ्हाटीच्या हट्टाचे मूळ येथेच आहे. सेल्युलोज म्हणजे द्राक्षशर्करेच्या मण्यांची सरळ माळ. मणी सारे एकजात, आणि दोन मण्यांमधील गाठही सर्वत्र एकाच तऱ्हेची. लिग्निनचे मणी तीन प्रकारचे असतात. त्यांस कुमारिल, कोनिफेरिल व सिनापिल अल्कोहोल अशी नावे आहेत. वनस्पती ते फेनिलअॅलनिन नावाच्या नत्रयुक्त द्रव्यापासून, त्यातील नत्र काढून घेऊन, तयार करते. प्रत्येकात कर्बाच्या सहा अणूंचे एक कडे व त्यास तीन कर्बांचे शेपूट असते. कड्यावर मिथॉक्सी नावाचा गट मुळीच नाही, एक आहे, की दोन आहेत, एवढाच तिघांत भेद. देवदारात बहुतेक कोनिफेरिल. बाभूळ, साग, कडुनिंब यांत कोनिफेरिल व सिनापिल. ज्वारी, ऊस, बांबू या गवतवर्गात तिन्ही. लिग्निनचे कोनिफेरिल अल्कोहोलशी नाते आहे हे स्वीडनच्या क्लासॉन याने १८९७ मध्ये सुचविले होते.

हे मणी पेशीच्या भिंतीत शिरले म्हणजे तेथील विकरे प्रत्येकाचा एकेक विद्युत्कण काढून घेतात आणि बाजूस होतात. पुढचे जोडकाम विकरे करीत नाहीत. खवळलेले मणी जो जवळ येईल त्यास, जेथे जागा सापडेल तेथे, चिकटतात. सुमारे निम्म्या गाठी एका प्रकारच्या असतात, बाकीच्या निरनिराळ्या. तेव्हा येथे माळ होत नाही. बोराट्यांचे कुंपण होते. एक फांदी दुसरीत कोठे व कशी अडकली याचा काही नियम नाही, आणि एक ओढली तर दहा हलतात पण एकही सुटत नाही. सेल्युलोज खाणाऱ्या जंतूंस एका गाठीची किल्ली सापडली की सारी माळ उलगडता येते. लिग्निनच्या कुलपांस अशी एक किल्ली नाही.

झाडाने ही उठाठेव कशासाठी करावी? ताठपणासाठी हे तर खरेच, पण त्याहून निकडीचे कारण पाण्याचे आहे. विहिरीवर पंप बसविणारास ठाऊक आहे की पाणी बाहेर सोडणारा नळ पातळ प्लॅस्टिकचा, गुंडाळून ठेवता येणारा असला तरी चालतो; पण पाणी ओढणारा नळ तसा घातला तर तो आतल्या आत चपटा होऊन चिकटतो. म्हणून सक्शन पाईप लोखंडी किंवा आत कडी बसविलेला लागतो. झाडाची पाने मुळांकडून पाणी ओढूनच घेतात, आणि दुपारच्या उन्हात ती ओढ हवेच्या दाबाच्या कित्येक पटींनी असते. लाकडातील पाणी वाहणाऱ्या कोवळ्या नळ्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या तर त्यांच्या भिंतीवर आतून मळसूत्रासारखे जाड वेढे दिसतात, आणि हे वेढे लिग्निनने भरलेले असतात. ज्या रोपांत लिग्निन पुरेसे बनत नाही त्यांच्या नळ्या खरोखरच चपट्या झालेल्या आढळतात. लिंपण पुरे होताच या नळ्यांची पेशी आपण होऊन मरते व मागे पोकळ घर तेवढे राहते. उभ्या बाभळीच्या खोडाचा फार मोठा भाग हा अशा मृत पेशींचाच असतो.

केळीचे तसे नाही. ज्यास आपण खोड म्हणतो ते खोडच नव्हे; पानांच्या देठांची सोपटे एकीवर एक घट्ट गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. या खांबात शंभरांत नव्वदांहून अधिक भाग पाणी असते, आणि फुगलेल्या पेशींच्या दाबावर तो उभा असतो. लिग्निन असते ते फक्त सोपटांतून उभ्या गेलेल्या दोऱ्यांत. फ्लोरोग्लुसिनॉल व लवणाम्ल यांचे मिश्रण लावले असता जेथे लिग्निन आहे तेथे लाल रंग चढतो. बाभळीची चकती या मिश्रणाने सर्वभर तांबडी होते. केळीच्या सोपटावर मात्र लाल ठिपके तेवढे उमटतात. पंधरा-वीस किलोंचा घड अशा खांबावर लटकत असता त्यास बांबूचा टेकू लागावा यात नवल नाही.

त्याच बांबूवरून लिग्निनचा आणखी एक गुण सांगून ठेवतो. हिरवी वाकडी काठी जाळावर शेकून, दाबून धरली असता सरळ होते व थंड झाल्यावर तशीच राहते. ओलसर लिग्निन उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या उष्णतेस मऊ पडते आणि निवाले की पुन्हा घट्ट होते. रसायनशास्त्राचे नावही न ऐकता काठ्या करणारांनी हा गुण फार पूर्वी हेरला.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. लाकूड जितके टिकाऊ तितके त्यात लिग्निन अधिक, असे कोणी समजू नये. किनवट-माहूरच्या जंगलातील साग घराच्या तुळईस पिढ्यान् पिढ्या टिकतो, याचे श्रेय त्याच्या गाभ्यात साठलेल्या तेलकट, कीटकांस नकोशा द्रव्यांस आहे. त्याच सागाच्या खोडावरील बाहेरचा पांढरट थर लिग्निनने भरलेला असूनही वाळवीस लवकर बळी पडतो. म्हणून लाकूड घेताना पांढरे किती व गाभा किती हे पाहणारा सुतार बरोबर पाहतो.

आमचा जन्म महसुलाच्या दफ्तरात गेला, तेव्हा कागदाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करीत, तो चिंध्यांसारख्या मालापासून. त्यात लिग्निन जवळजवळ नाही. तसल्या जुन्या हातकागदाची पाने आम्ही हाताळली आहेत. कडा झिजल्या तरी मधला कागद उजळ असतो. उलट वर्तमानपत्राचा कागद लाकूड नुसते दळून केलेला असतो, त्यात लिग्निन तसेच राहते, आणि उन्हात आठ दिवस पडला की तो पिवळा होतो. तो ठिसूळ होतो यास आम्लही कारण आहे, पण पिवळेपणा मुख्यतः लिग्निनचा. चांगला पांढरा कागद करावयाचा तर हे लिंपण काढून टाकावेच लागते. त्यासाठी जर्मनीच्या डाल याने १८७९ च्या सुमारास शोधलेल्या रीतीने लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात दाबाखाली शिजवितात. लिग्निन काळ्या रसात उतरते आणि बहुतेक कारखान्यांत तोच रस भट्टीत जाळून वाफ करितात. लिग्निनमध्ये कर्ब शेकडा ६० च्या वर, सेल्युलोजमध्ये ४४. म्हणून वजनास वजन लिग्निनची आच अधिक.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे कुंपण मोडतो कोण? जनावर मोडीत नाही. बैलाच्या पोटातील जंतू कडब्यातील सेल्युलोज पचवितात, पण लिग्निन बहुतेक तसेच शेणात उतरते. म्हणूनच गोवरी धगधगून जळते, आणि म्हणूनच गोबरगॅसच्या टाकीत काटक्या व धसकटे टाकून वायू मिळत नाही. ती वर तरंगून साय मात्र धरतात. लिग्निन मोडावयास प्राणवायू लागतो, आणि बैलाच्या पोटात काय किंवा बंद टाकीत काय, तो नसतो. दुसरे असे की लिंपलेली ताटी जशी उंदरास कुरतडता येत नाही, तसे लिग्निनने झाकलेले सेल्युलोजही जंतूंच्या हाती लागत नाही. जुनाट वैरण जनावराच्या अंगी लागत नाही ती यामुळे. निकृष्ट वैरणीवर शंभर किलोंस चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा व ती तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवावी, अशी जी शिफारस आहे तिचे मर्म हेच. युरियापासून निघणारा अमोनिया क्षारासारखा काम करून लिंपणाची पकड सैल करितो. (युरिया जनावरास नुसता चारणे म्हणजे विष घालणे होय, हे विसरू नये.) अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९७८ साली कमी लिग्निनची, पानाची मधली शीर तपकिरी असलेली ज्वारी जाहीर झाली. तिची वैरण अधिक पचते, परंतु अशा वाणांपैकी काही वाऱ्याने लोळतात. केळीची गोष्ट येथेही आलीच.

लिग्निन खऱ्या अर्थाने मोडणारे प्राणी म्हणजे काही बुरशा. पावसाळ्यात पडलेला ओंडका पाहावा. काही ठिकाणी तो तपकिरी होऊन विटांसारख्या चौकोनी तुकड्यांत फुटतो. तेथील बुरशीने सेल्युलोज खाल्ले व लिग्निन टाकून दिले. काही ठिकाणी तो पांढरा, सुतासारखा, भुसभुशीत होतो. ही दुसरी बुरशी लिग्निनही फस्त करिते. धिंगरी अळिंबी या दुसऱ्या जातीची. तिला किल्ली सापडली कोठून? तर ती किल्ली शोधतच नाही, सुरुंग लावते. १९८३ मध्ये अमेरिकेतील टिएन व कर्क यांनी दाखविले की अशा बुरशीचे एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साह्याने लिग्निनच्या कड्यांतून विद्युत्कण हिसकावून घेते, आणि मग गाठी आपोआप तुटू लागतात. ज्या रीतीने कुंपण घातले गेले, जवळजवळ त्याच रीतीने ते उधळले जाते.

वारूळ करणारी आपल्याकडील वाळवी याहून चतुर. तिच्या पोटी सारे लाकूड पचत नाही. म्हणून ती चावलेल्या काटक्यांचे पोळे जमिनीत रचून त्यावर बुरशीची शेती करिते, आणि बुरशीने मऊ केलेला माल खाते. आषाढात वारुळाभोवती ज्या भुईछत्र्या उगवतात, त्या या शेतीचेच पीक.

आता पऱ्हाटी. तिचे खोड एका वर्षाचे, पण रासायनिक घडणीने ते झाडाच्या लाकडासारखेच. लिग्निनचे प्रमाण रुंद पानांच्या वृक्षांइतके. ती जाळली असता पोटॅश राखेत उरते हे खरे, व जुने लोक राखेस खत म्हणत ते तेवढ्यापुरते बरोबर. परंतु नत्र जवळजवळ सगळा धुरातून जातो आणि कर्ब तर जातोच. ती तशीच गाडावी, तर दुसरी अडचण. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने जाळू नये हा उपदेश ऐकून पऱ्हाटीची कुट्टी केली, उन्हाळ्याच्या शेवटी ती रानात गाडली, आणि पाऊस पडताच ज्वारी पेरली. वीतभर वाढून पीक पिवळे पडले. त्या गृहस्थाने कुट्टीस शिव्या दिल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडी लावली. वास्तविक झाले ते असे की जमिनीतील जंतूंस कर्बाच्या सुमारे पंचवीस भागांमागे एक भाग नत्र लागतो. पऱ्हाटीत कर्ब याच्या बहुधा दुपटीहून अधिक असतो. कमी पडणारा नत्र जंतूंनी जमिनीतून उचलला, आणि ज्वारी उपाशी राहिली. तो नत्र नाहीसा झाला नव्हता. जंतू मरतील तसा परत मिळणार होता, पण त्या हंगामात नव्हे.

मग वर युरिया टाकावा काय? थोडा टाकल्याने सेल्युलोज लवकर कुजते हे खरे. मात्र येथे एक मौज आहे. वर सांगितलेल्या पांढऱ्या बुरशांपैकी कित्येक, नत्र संपत आला म्हणजेच लिग्निनकडे वळतात; भरपूर नत्र मिळाला तर त्यांचे ते काम मंदावते. म्हणून युरियाची पोती ओतून पऱ्हाटी विरघळेल ही अपेक्षा करू नये. तिला वेळ, ओल व हवा ही तीन द्यावी लागतात, आणि तेही पिकापासून दूर.

या बाबतीत आपल्याच सारख्या काळ्या जमिनीत व कापसाच्या मुलखात झालेले काम इंदूरचे आहे. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड या रसायनज्ञांस हाताशी घेऊन कंपोस्टाची जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली; दोघांचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यांच्यापुढेही पऱ्हाट्या व तुराट्या यांचाच प्रश्न होता. त्यांची युक्ती साधी होती. कठीण काड्या प्रथम शेतातील गाडीवाटेवर पसरावयाच्या. चाकांखाली व खुरांखाली त्या चेचल्या जात. मग त्या गोठ्यात जनावरांखाली अंथरावयाच्या, म्हणजे मूत मुरते. नंतर शेण, मुताची माती व थोडी राख यांसह उथळ खड्ड्यात, हवा खेळेल अशा रीतीने, रचावयाच्या व तीनदा उलथापालथ करावयाची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. लिग्निनच्या दृष्टीने पाहिले तर यातील प्रत्येक पायरीस अर्थ आहे. चेचल्याने लिंपण तडकते व बुरशीस वाट मिळते. मूत व शेण नत्र देतात. उथळ खड्डा व उलथापालथ प्राणवायू देतात. आपला खोल, पाण्याने भरलेला उकिरडा तिसऱ्या गोष्टीत नापास होतो, आणि काड्या वर्षभर तशाच राहतात.

आज गाडीवाटेऐवजी कुट्टीयंत्र आहे, त्याचे भाडे पडते. हे भाडे फार वाटते असे बहुतेकांचे म्हणणे, व ते खोटे नाही. पण गुलाबी बोंडअळीमुळे कापसाचे रान डिसेंबर-जानेवारीत मोकळे करावे लागते, आणि किडक्या बोंडांसह पऱ्हाटी बांधावर रचून ठेवणे म्हणजे पुढील वर्षाच्या अळीस घर बांधून देणे होय. किडकी बोंडे निवडून जाळावीत व बाकीची कुट्टी लगेच ढिगात घालावी. चांगला रचलेला ढीग आतून तापतो, त्यात अळीचा निभाव लागत नाही. मृगापर्यंत चार-पाच महिने हाती राहतात, ते इंदूरच्या तीन महिन्यांहून अधिक आहेत. ढिगात पाऊण वर्षापूर्वीचे अर्धवट कुजलेले खत दोन-चार पाट्या मिसळावे, त्यात बुरशीचे बी असतेच.

केळीच्या खोडास हा खटाटोप नको. ते चिरून तुकडे करून बागेतच पसरावे; त्यात पोटॅश पुष्कळ असतो. न चिरता आखे टाकल्यास त्यात सोंडकिडा अंडी घालतो, एवढे सांभाळावे. ताग किंवा धैंचा हिरवळीसाठी पेरला असेल तर फुलावर येताच गाडावा. पुढे त्याच्या खोडात लिग्निन भरत जाते, आणि पंधरवड्याचा आळस केला तर तीही पऱ्हाटीची धाकटी बहीण होते.

लिग्निनपासूनच जमिनीतील काळा सेंद्रिय अंश बनतो असे १९३२ च्या सुमारास वॉक्समन व अय्यर यांनी प्रतिपादिले होते. अलीकडील शोधांप्रमाणे चिकणमातीस चिकटून टिकणारा पुष्कळसा अंश हा मेलेल्या जंतूंचा व बुरशीचा असतो. म्हणजे काडी जमिनीत नुसती पडून राहण्यात फायदा थोडा. ती खाल्ली गेली पाहिजे.

ज्या सभासदांच्या रानात यंदा पऱ्हाटी उभी आहे त्यांनी निदान एक गाडीभर कुट्टीचा ढीग घालून पाहावा. ढीग रचल्याची तारीख, उलथापालथीच्या तारखा, आत वाफ किती दिवस राहिली, पांढरी बुरशी दिसली की नाही, आणि मृगाच्या वेळी काडी बोटांनी मोडली काय, एवढी माहिती मंडळाकडे लिहून पाठवावी. ज्यांचा ढीग फसेल त्यांनीही कळवावे. आलेली पत्रे आम्ही श्रावणाच्या अंकात एकत्र देऊ.